बटण दहा वेळा दाबलं, ते गेलं कुठे?

शेवटच्या तारखेला अर्ज भरताना हे हमखास होतं. रकाने भरून झाले, फोटो चढवला, सही चढवली, खालचं बटण दाबलं आणि पडदा ढिम्म. पुन्हा दाबलं. मग जरा जोरात, जणू बटणाला ऐकू कमी येतं. कॉम्प्युटर असेल तर विंडो पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीत प्रोग्रामच्या नावापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' उमटतं. मोबाइल असेल तर एक चौकट वर येते आणि विचारते, ॲप बंद करू की थांबू? घरात सांगायला कोणीतरी असतंच, "हँग झालंय. बंद करून चालू कर."

बंद करून चालू केल्यावर बहुधा काम होतंही, म्हणून पुढे कोणी खोलात जात नाही. पण मधे दाबलेल्या त्या दहा वेळांचं काय झालं? कॉम्प्युटरला ते कळलंच नाही, की कळूनही तो गप्प बसला? हे एकदा समजलं की रोजची बरीच कोडी सुटतात. आठ कोअरचा, म्हणजे एकाच वेळी आठ कामं करू शकणारा, महागडा फोनसुद्धा का अडकतो, कोपऱ्यातली फुली दाबूनही प्रोग्राम का बंद होत नाही, बँकेच्या पानावर खाते क्रमांक पेस्ट का करता येत नाही, या सगळ्यांची मुळं एकाच जागी आहेत.

बोटापासून विंडोपर्यंत

माऊसचा क्लिक, पडद्यावरचा टॅप, कीबोर्डवरचं अक्षर, विंडो लहानमोठी करणं, बंद करणं, अशा प्रत्येक घडामोडीला प्रोग्रामर 'इव्हेंट' म्हणतात. हा इव्हेंट सगळ्यात आधी कळतो तो ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे विंडोज, अँड्रॉइड किंवा मॅकला. तुम्ही वापरत असलेल्या प्रोग्रामला तो नंतर कळतो.

माऊसला विंडो म्हणजे काय हे ठाऊक नसतं. डावं बटण खाली गेलं, एवढंच तो कळवतो. बाण त्या क्षणी पडद्यावर कुठे होता, तिथे एकावर एक कोणकोणत्या विंडो आहेत आणि सगळ्यात वरची कोणाची, हे सिस्टिम बघते आणि त्या विंडोच्या नावाने एक चिठ्ठी तयार करते. चिठ्ठीत मजकूर थोडका: काय झालं, कुठे झालं, केव्हा झालं. डबल क्लिकसुद्धा माऊसमधून येत नाही. दोन दाबण्यांमधलं अंतर सिस्टिम मोजते. विंडोजवर मुळात ठरलेली मर्यादा अर्ध्या सेकंदाची आहे, त्याच्या आत दुसरं दाबणं त्याच जागी आलं तर ते डबल क्लिक. ज्यांचा हात सावकाश चालतो त्यांच्यासाठी ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते. आजी-आजोबांच्या कॉम्प्युटरवर हे एक काम जरूर करून ठेवावं.

कीबोर्डचा प्रश्न वेगळा. 'क' या अक्षराला पडद्यावर जागा नसते, मग ते कोणाला द्यायचं? त्यासाठी एका वेळी एकाच विंडोकडे 'फोकस' असतो आणि सगळी अक्षरं तिला मिळतात. तुम्ही पासवर्ड टाइप करत असताना मधेच दुसरी विंडो उडी मारून पुढे आली की उरलेली अक्षरं तिच्यात पडतात, ती यामुळेच. हा त्रास इतका वाढला होता की मायक्रोसॉफ्टने पुढे वाटेल तेव्हा पुढे घुसण्यावर बंधनं घातली. त्यामुळे आता बहुतेक वेळा खालच्या पट्टीतलं त्या प्रोग्रामचं बटण नुसतं लुकलुकतं.

चिठ्ठी तयार झाली तरी प्रोग्राम ती लगेच वाचत नाही. ती रांगेत जाऊन बसते. आपल्या गोष्टीचा सगळा जीव या रांगेत आहे.

एकट्याचं दुकान

जुन्या काळ्या पडद्याचे प्रोग्राम स्वतः प्रश्न विचारत. नाव टाका. वय टाका. आता हो किंवा नाही दाबा. क्रम प्रोग्रामच्या हातात असे आणि माणूस मुकाट उत्तरं देई. विंडो आणि माऊस आल्यावर हे उलटं झालं. समोर चाळीस बटणं आहेत, माणूस त्यातलं कुठलंही, कधीही दाबेल. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो हा कॉम्प्युटर तयार झाला, तिथे या पद्धतीचा पाया पडला. १९८४च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश आला आणि ती सामान्य गिऱ्हाइकाच्या टेबलावर पोचली. तेव्हापासून विंडोवाल्या प्रोग्रामचं मुख्य काम म्हणजे बसून वाट पाहणं.

गल्लीतलं एकट्याने चालवलेलं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. शेठ गल्ल्यावर बसले आहेत. गिऱ्हाइकं आपापल्या याद्यांच्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवून जातात. शेठ सगळ्यात आधीची चिठ्ठी उचलतात, वाचतात, माल देतात, वहीत लिहितात आणि पुढची उचलतात. चिठ्ठी नसेल तर बसून राहतात. दुकान बंद करायची चिठ्ठी येईपर्यंत हेच चक्र.

प्रत्येक विंडोवाल्या प्रोग्रामच्या पोटात असंच एक चक्र फिरत असतं. त्याला 'इव्हेंट लूप' म्हणतात. रांगेतून इव्हेंट काढ, कोणासाठी आहे ते बघ, त्यासाठी लिहून ठेवलेलं काम कर, परत ये. प्रोग्रामर लिहितो ती फक्त ही छोटी छोटी कामं: हे बटण दाबलं तर हे कर, ती यादी उघडली तर ते कर. ती केव्हा चालतील हे त्याच्या हातात नसतं. आणि हे चक्र फिरवणारा कामकरी, ज्याला 'थ्रेड' म्हणतात, तो साधारणपणे एकच असतो. त्याला आपण शेठच म्हणू.

मग हँग म्हणजे काय?

शेठ स्वतः उठून गोदामात गेले, तर गल्ल्यावर कोणी नाही. रांग वाढत राहते. शेठ गोदामात घाम गाळत असतात, पण बाहेरून पाहणाऱ्याला दुकान बंद पडलेलं दिसतं.

तुम्ही बटण दाबलं आणि त्या बटणाच्या कामात प्रोग्रामरने लिहून ठेवलं की इंटरनेटवरून अमुक फाइल आण आणि ती येईपर्यंत थांब, तर शेठ गोदामात गेले. तुमची पुढची नऊ दाबणी चिठ्ठ्या होऊन रांगेत पडून आहेत. शेठ परतले की ते एकेक उचलतील. म्हणूनच कधी कधी अडकलेला प्रोग्राम सुटल्यावर एकदम वेड्यासारखा वागतो: तीन चौकटी उघडतात, दोन बंद होतात, एकच फाइल चार वेळा छापली जाते. तुम्हीच दिलेल्या ऑर्डरी त्या.

विंडो पांढरी का पडते, तेही यातूनच कळतं. विंडोवरचं चित्र एकदा काढून कायमचं राहत नाही. आकार बदलला, मजकूर सरकला की 'स्वतःला पुन्हा रंगव' अशी चिठ्ठी येते आणि तीही त्याच रांगेत थांबते. विंडोजमध्ये तर ही रंगवायची चिठ्ठी मुद्दाम मागे ठेवतात, बाकीच्या चिठ्ठ्या संपल्यावर ती हातात पडते. कारण सरळ आहे: दहा बदल व्हायचे असतील तर दहा वेळा रंगवण्यापेक्षा शेवटी एकदा रंगवलेलं बरं. माऊसच्या हालचालींचंही असंच. बाण सरकला की प्रत्येक टप्प्याची वेगळी चिठ्ठी साठवत बसत नाहीत. शेठला सवड मिळेल तेव्हा बाण आता कुठे आहे एवढं सांगितलं की पुरतं.

प्रोग्रामने ५ सेकंद रांगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही तर विंडोज त्याला प्रतिसाद न देणारा ठरवते. मग ती एक युक्ती करते. खऱ्या विंडोच्या जागी तेवढ्याच आकाराची, तशीच दिसणारी एक नकली विंडो ठेवते. तिचं नावच 'घोस्ट विंडो', भुताची विंडो. ती तुम्ही हलवू शकता, बंद करू शकता, बाकी काही नाही. ती सिस्टिमने उभी केलेली असते, प्रोग्रामची नसते. म्हणून पांढरेपणा आल्यानंतर केलेले क्लिक खऱ्या विंडोपर्यंत पोचत नाहीत. आधीचे मात्र रांगेत असतात. अँड्रॉइडचा हिशेबही ५ सेकंदांचाच आहे. टॅप झाला आणि तेवढ्या वेळात ॲपने तो हाताळला नाही की ती थांबू-का-बंद-करू चौकट येते. मॅकवर रंगीत चेंडू फिरू लागतो.

एक काळ असा होता की एका प्रोग्रामने हात वर केले की सगळा कॉम्प्युटर अडकायचा. १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये सगळ्या प्रोग्रामांची मिळून रांग एकच होती, आणि एकाने स्वतःहून पाळी सोडल्याशिवाय दुसऱ्याला ती मिळत नसे. १९९५च्या विंडोज ९५ने नव्या धाटणीच्या प्रोग्रामांना ज्याची त्याची रांग दिली. आज एक प्रोग्राम लटकला तरी शेजारचा चालू राहतो, ही त्या बदलाची कृपा.

आठ कोअरचा फोन आहे, तरी?

हा आक्षेप रास्त आहे. फोनमध्ये एकाच वेळी आठ कामं करता येत असतील तर गल्ल्यावर चार शेठ बसवायला काय हरकत?

करून पाहिलेलं आहे आणि ते फसलेलं आहे. प्रोग्राम लिहायच्या जावा या भाषेच्या पहिल्या विंडो-साधनांत अनेक थ्रेडनी एकदम काम करावं अशी मोकळीक ठेवायचा विचार होता. नंतर आलेल्या स्विंग या जावाच्याच नव्या साधनांनी सरळ नियम केला, विंडोला हात लावायचा तो एकाच थ्रेडने. अडचण अशी की विंडोच्या जगात कामं दोन उलट्या दिशांनी वाहतात. टॅप येतो तो सिस्टिमकडून विंडोकडे आणि विंडोकडून बटणाकडे. प्रोग्रामला काही बदलायचं असेल तर वाट उलटी: बटणाचा रंग बदलला, त्याने विंडोला कळवलं, विंडोने सिस्टिमला. आता दोन कामकरी दोन टोकांनी निघाले आणि दुसऱ्याने मधे लुडबुड करू नये म्हणून दोघांनीही आपापल्या टोकाला कुलूप लावलं, तर मधे येऊन दोघेही एकमेकांचं कुलूप उघडायची वाट पाहत उभे राहतात. याला 'डेडलॉक' म्हणतात, आणि यातून वाट पाहून सुटका नाही. गोदामातला शेठ निदान परत तरी येतो.

म्हणून आज विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर, सगळीकडे नियम तोच आहे. अँड्रॉइडवर दुसऱ्या थ्रेडने पडद्यावरच्या गोष्टीला हात लावला तर ॲप तिथल्या तिथे कोसळवलं जातं. कडक वाटेल, पण न कोसळता कधीमधी अडकणारं ॲप त्यापेक्षा वाईट. त्यातली चूक सापडता सापडत नाही.

रॅम वाढवून उपयोग होतो का? मेमरी कमी पडून कॉम्प्युटर सारखा डिस्ककडे धावत असेल तर होतो, कारण मग शेठची प्रत्येकच हालचाल मंदावलेली असते. पण लांबच्या सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबायचं असं प्रोग्रामरने शेठलाच सांगून ठेवलं असेल, तर कितीही रॅम घाला.

हाताखालचा पोरगा

उपाय दुकानदाराला विचारला तरी तो सांगेल. गोदामात पोऱ्याला पाठवा, शेठने गल्ला सोडू नये. पोऱ्या माल घेऊन आला की त्याने शेठच्या पुढ्यात चिठ्ठी टाकायची, 'साखर आली'. तिची पाळी आली की शेठ ती उचलतील आणि वहीत नोंद करतील. वहीला आणि गल्ल्याला पोऱ्याने हात लावायचा नाही. चांगला प्रोग्राम अक्षरशः हेच करतो. वेळखाऊ काम वेगळ्या थ्रेडवर, आणि निकाल मात्र त्याच रांगेतून परत. जावातल्या या सोयीचं नावच 'इन्व्होक लेटर' आहे, म्हणजे पाळी आल्यावर कर.

शेठने किती वेळात परत यावं, याचे अंदाज जुने आहेत. कॉम्प्युटर वापरायला सोपा कसा करावा याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा अजून वापरात आहेत. ०.१ सेकंदाच्या आत काही झालं तर माणसाला ते लगोलग झाल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष उडतं आणि माणूस दुसरं काहीतरी करू लागतो. गुगलने मार्च २०२४ पासून वेबपानांच्या मोजमापात हीच गोष्ट धरली: दाबल्यापासून पडद्यावर काहीतरी बदल दिसेपर्यंत २०० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लागले तर पान चांगलं. काम पूर्ण व्हायला हवं असं नाही, दाबलेलं कळलं एवढं दिसलं तरी चालेल. बटण राखाडी झालं, 'पाठवत आहे' असं आलं, बस्स.

फिरतं चक्र दिसतंय म्हणजे काम चालू आहे, असं मात्र समजू नका. मॅकचा रंगीत चेंडू फिरवते सिस्टिम. त्यातून आत काम चाललंय की कायमचं अडकलंय हे कळत नाही. ॲपमधलं गोल चक्रही नुसतं फिरतं, माल येतोय की नाही हे त्याला माहीत नसतं. पुढे सरकणारा टक्क्यांचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा, आणि तोही ९९वर येऊन बसला की आपण सगळ्यांनी काय काय अनुभवलंय ते वेगळं सांगायला नको.

फुली म्हणजे हुकूम की विनंती?

इथपर्यंत रांगेचं झालं. चिठ्ठी हातात आल्यावर तिचं काय करायचं, हे सर्वस्वी प्रोग्रामरवर असतं, आणि खरी गंमत तिथे आहे.

कोपऱ्यातली फुली घ्या. ती दाबल्यावर विंडो बंद होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात 'बंद व्हावं अशी इच्छा आहे' एवढीच चिठ्ठी जाते. प्रोग्राम त्यावर 'सेव्ह करायचं का?' विचारू शकतो, नकार देऊ शकतो, नुसता दडून बसू शकतो. काहीच सांगितलं नसेल तर सिस्टिम ठरलेली वागणूक लावते, आणि ती जागोजागी वेगळी. साध्या विंडोज प्रोग्रामात विंडो नष्ट होते. जावाच्या पहिल्या साधनांत काहीच होत नसे, फुली दाबत बसा. स्विंगमध्ये विंडो फक्त दिसेनाशी होते आणि प्रोग्राम आत चालूच राहतो. नव्याने शिकणारे विद्यार्थी तिथे हटकून फसतात. मॅकवर विंडो जाते, ॲप राहतं, हा तिथला रिवाजच आहे. कॉम्प्युटर बंद करतानाही सिस्टिम प्रत्येकाला आधी विचारते. 'हा प्रोग्राम बंद होऊ देत नाही' असा पडदा येतो तो कोणीतरी नाही म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही म्हणून.

प्रोग्राम चिठ्ठ्या घ्यायच्या थांबवूही शकतो. 'ओके' दाबल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी चौकट आली की मागची मोठी विंडो बहिरी केलेली असते. ही चौकट कधी दुसऱ्या विंडोंच्या मागे लपते. मग मुख्य विंडोवर कितीही क्लिक करा, 'टंग' असा आवाज येतो आणि काही होत नाही. लोक याला हँग समजून प्रोग्राम मारतात. आवाज येत असेल तर तो जिवंत आहे. सगळ्या विंडो एकेक खाली करून मागे कोण लपलंय ते बघा.

ब्राउझरमध्ये एकाच क्लिकवर अनेकांचा हक्क असतो. बटण चौकटीत, चौकट पानात. क्लिक नक्की कोणाचा? नव्वदीच्या दशकात नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरने वरून खाली, म्हणजे पानाकडून बटणाकडे यायचा क्रम धरला, मायक्रोसॉफ्टने खालून वर जायचा. २००० साली वेबची प्रमाणं ठरवणाऱ्यांनी दोन्ही ठेवले. आजही प्रत्येक क्लिक आधी खाली उतरतो, मग वर चढतो, आणि वाटेत कोणीही त्याला अडवू शकतं. ब्राउझरची नेहमीची कृती होऊ द्यायची नाही, असंही सांगता येतं.

बँकेच्या पानावर खाते क्रमांक दुसऱ्यांदा पेस्ट होत नाही तो असाच. पेस्टचा इव्हेंट आला की पान तो गिळून टाकतं. खाते क्रमांकापुरता त्यात अर्थ आहे, एकच चूक दोन्ही रकान्यांत उतरू नये म्हणून. पासवर्डच्या रकान्यात हेच करणं मला निव्वळ अडाणीपणा वाटतो. त्याने लोक लांब, अवघड पासवर्ड सोडून पाठ होईल असा सोपा ठेवतात. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण संस्थेने २०१७ मध्येच पासवर्ड पेस्ट करू द्यावा असं सांगून ठेवलंय.

'बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका'

मग पैसे भरताना पान ही विनवणी का करतं? इव्हेंट अडवता येतो ना?

पानाच्या आतला अडवता येतो. बॅक आणि रिफ्रेश ही बटणं ब्राउझरची आहेत, पानाची नाहीत. पान फार तर जाण्यापूर्वी एकदा विचारा अशी विनंती करू शकतं, आणि त्यातही शब्द आता ब्राउझरचे असतात. पूर्वी पानाला हवा तो मजकूर दाखवता येई. ठगांनी त्याचा वापर लोकांना घाबरवून पानावर अडकवायला केला, म्हणून ती सोय काढून घेतली. एका अर्थी बरंच झालं.

दोनदा पैसे जाऊ नयेत याचा पक्का बंदोबस्त सर्व्हरवर होतो. प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसऱ्यांदा पैसे न घेता पहिल्याचंच उत्तर द्यायचं. पहिल्या दाबण्यातच बटण निष्क्रिय करणं हा त्याचा पुढचा पहारा. सकाळी दहाला एसी तत्काळ खुलतं तेव्हा हजारो बोटं एकाच क्षणी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत असतात. त्या बोटांना शिस्त लावत बसण्यापेक्षा दुसरं दाबणं ओळखून सोडून देणं केव्हाही शहाणपणाचं. 'दाबू नका' ही पाटी ज्या पानावर दिसते, तिथे मागे हा बंदोबस्त असेलच याची खात्री ती पाटी देत नाही.

आठ सेकंद

घाईत एखादा इव्हेंट सुटला तर काय मोठंसं बिघडतं, असं वाटेल. थेरॅक-२५ नावाचं यंत्र आठवावं. कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा मोठ्या अपघातांना कारण ठरलं. त्याला विंडो नव्हत्या, अक्षरांचा साधा पडदा होता, पण चूक आपल्याच विषयातली होती. टेक्सासमधल्या टायलर इथे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईने किरणांचा प्रकार चुकीचा टाकला, लक्षात येताच बाण वर नेऊन तो सुधारला आणि पुढे गेली. पडद्यावर सुधारलेलं दिसलं. पण यंत्राचे चुंबक जागेवर बसायला साधारण ८ सेकंद लागत आणि त्या वेळात झालेली दुरुस्ती प्रोग्रामला कळतच नसे. रुग्णाला कित्येक पट जास्त मात्रा बसली. तीन आठवड्यांनी तिथेच पुन्हा तेच झालं. दोन्ही रुग्ण दगावले. सरावाने हात जलद झालेल्या माणसालाच ही चूक गाठत होती. सावकाश टाइप करणाऱ्यासमोर ती कधी आलीच नसती. म्हणून ती पकडायलाही वेळ लागला.

चिठ्ठी कोणीही टाकू शकतं?

बराच काळ याचं उत्तर जवळजवळ हो असं होतं. विंडोजमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या रांगेत चिठ्ठी टाकू शकतो, ती सोयच आहे. २००२ साली दाखवून दिलं गेलं की साध्या प्रोग्रामने मोठे अधिकार असलेल्या विंडोला बनावट चिठ्ठ्या पाठवून तिच्याकडून हवं ते करून घेता येतं. पुढे विंडोज व्हिस्टाने कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या विंडोकडे चिठ्ठ्या पाठवण्यापासून अडवलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स-११ या १९८७च्या पद्धतीत कुठलाही जोडलेला प्रोग्राम इतरांच्या कीबोर्डची अक्षरं ऐकू शकतो. तिची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये ज्याची अक्षरं त्यालाच मिळतात.

मोबाइलवर धोका उलट्या बाजूने येतो. खाली खरी विंडो, वर दुसऱ्या ॲपची पारदर्शक विंडो. तुम्हाला दिसतं 'बक्षीस घ्या', बोट पडतं खालच्या 'परवानगी द्या'वर. म्हणून बँकेची काही ॲप दुसरं काही वर तरंगत असेल तर टॅप घ्यायलाच नकार देतात. पडद्याचा रंग बदलणारं किंवा तरंगतं बटण दाखवणारं ॲप चालू असताना बँकेचं ॲप कुरकुरतं ते यासाठी. अँड्रॉइड १२ पासून असे आरपार जाणारे टॅप सिस्टिमच अडवते.

अडकलंच तर

पहिल्यांदा हात बाजूला घ्या. प्रत्येक नवं दाबणं रांगेत भर घालतं. फाइल मोठी असेल, नेट मंद असेल तर मिनिटभर थांबा. 'नॉट रिस्पॉन्डिंग' याचा अर्थ ५ सेकंदांत उत्तर आलं नाही एवढाच आहे. बरेच प्रोग्राम त्यातून परत येतात.

बंद करायचंच असेल तर ऑल्ट आणि एफ४ दाबून फार आशा धरू नका. तीही बंद करण्याची विनंतीच, त्याच तुंबलेल्या रांगेत. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा. तो वेगळा प्रोग्राम आहे, त्याची रांग मोकळी असते. तोही उघडत नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. ही जोडी थेट सिस्टिमकडे जाते, मधल्या कुठल्याही साध्या प्रोग्रामला ती पकडता येत नाही. मॅकवर कमांड-ऑप्शन-एस्केप. टास्क मॅनेजरमधून अडकलेला प्रोग्राम मारला तर 'सेव्ह करायचं का?' हा प्रश्न येणार नाही, कारण तो विचारणारेच गोदामात अडकलेले असतात. वर्डसारखे प्रोग्राम अशा वेळेसाठी अधूनमधून स्वतःच एक प्रत ठेवतात, मुळात ठरलेलं अंतर १० मिनिटांचं. सेटिंगमध्ये जाऊन ते ५ वर आणता येतं.